बोकारे बाई छान म्हणत नाहीत

आम्ही नवी गाडी घेतली तेव्हा बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी पेढा तोंडात टाकत "छान आहे हो" म्हटलं. शेजारच्या फ्लॅटमधल्या बोकारे बाईंनी पेढा हातातच धरून गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून चाकं पाहिली आणि म्हणाल्या, "भाऊ, मला असं दिसतंय की तुम्ही निळी गाडी घेतली."

एवढंच. गाडी निळी आहे हे मला माहीत होतं. रंग मीच पसंत केला होता. मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिलो आणि बाई पेढा खात जिना चढून गेल्या.

बाई इंद्रपुरीतल्या एका बालवाडीत शिकवतात. अर्थात, शिकवतात म्हटलेलं त्यांना चालत नाही. त्यांच्या शाळेत काय करायचं ते मूल ठरवतं आणि बाई 'सोबत असतात'. एखादं कार्टं सकाळभर या डब्यातला राजमा त्या डब्यात ओतत बसलं तरी बाई सोबत असतात. या सोबत असण्याचं रीतसर प्रशिक्षण असतं, आणि ते जन्मात संपत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत, दिवाळीच्या सुट्टीत, मध्येच एखाद्या शनिवारी बाई प्रशिक्षणाला जातात. तिथे जे ऐकतील ते घरी येईपर्यंत अंगात भिनलेलं असतं. पोरांना ते झेपतं. हाल होतात ते आम्हा शाहपुऱ्यात राहणाऱ्या मोठ्या माणसांचे.

एका वर्षी 'मुलाला निवड द्या' असं शिकून आल्या. दुसऱ्याच दिवशी गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन दारात उभा आणि बाई त्याला शांतपणे विचारतायत, "भैया, आप पहले सिलेंडर रखेंगे या पहले साइन लेंगे? आप चुनिए." तो बिचारा म्हणाला, "मैडम, पहले रख लूँ? कंधा जा रहा है." बाई म्हणाल्या, "ये आपका फैसला है." नंतर एकदा 'मुलाच्या उंचीवरून जग बघा' आलं. तेव्हा आमच्या हॉलमध्ये त्या गुडघ्यांवर फिरल्या आणि डायनिंग टेबलाच्या खालच्या बाजूची जळमटं माझ्या बायकोला दाखवून गेल्या. माधुरी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

ही प्रशिक्षणं महिन्याभरात उतरायची. पण 'शाबासकी नको' हे जे आलं ते उतरलंच नाही. बोकारे काका वारले ते त्याच वर्षी. तेव्हापासून बाई एकट्या राहतात, आणि त्यांच्या तोंडून कोणी 'छान' हा शब्द ऐकलेला नाही.

मी एकदा भांडलोच. म्हटलं, "बाई, एक चांगला शब्द बोलायला तुमचं काय जातं?"

"माझं नाही हो भाऊ, पोराचं जातं," त्या म्हणाल्या. बोलताना त्या कधी एका जागी उभ्या राहत नाहीत. आमच्या दारात एक पाय, जिन्यात एक पाय. "बघा ना. पोरगं चित्र काढतं. मी शाबास म्हटलं की ते चित्राकडे बघणं सोडतं आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागतं. मग पुढचं चित्र माझ्यासाठी काढतं. मतलब त्याचं चित्र गेलं ना. म्हणून जे दिसतं ते सांगायचं. बस."

हे ऐकायला बरं वाटतं. पण दिवाळीत माधुरीनं खसखस-खोबरं भरून पुडाची वडी केली, सकाळपासून खपून, आणि पहिली बशी बाईंना दिली. बाईंनी एक वडी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी उचलली आणि म्हणाल्या, "मला असं दिसतंय की तू खसखस भाजून घातली."

"म्हणजे चांगली झाली का?"

"तुला काय वाटतं?"

माधुरी आत गेली. नंतर बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता.

बिट्टन मार्केटच्या बाजारात तर मी आता त्यांच्याबरोबर जातच नाही. टोमॅटोवाल्यासमोर उभ्या राहून त्या म्हणतात, "मुझे दिख रहा है कि आपने बड़े वाले आगे रखे हैं." टोमॅटोवाला म्हणतो, "बहनजी, लेना हो तो लो. टमाटर क्या पहली बार देख रही हो?"

तर या बाईंवर गेल्या महिन्यात आफत आली. आजवर त्या प्रशिक्षणाला समोर बसायच्या. या वेळी त्यांनाच ते द्यायला सांगितलं. शहरभरच्या बालवाड्यांच्या शिक्षिका येणार होत्या. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या सक्सेना मॅडम मागे बसून बघणार होत्या, आणि त्यांना पटलं तर बाईंना कायमचं प्रशिक्षक म्हणून घेणार होत्या.

"मार्चमध्ये मी रिटायर होते," बाई मला म्हणाल्या. "हे काम मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर घरी बसून काय करू मी? भिंतीच्या सोबत असू?"

हे त्या हसत म्हणाल्या, पण त्यानंतरचा आठवडा त्यांनी आम्हालाही बसू दिलं नाही. कपात चहा घेऊन त्या गच्चीवर फिरायच्या. मध्येच खाली येऊन विचारायच्या, "भाऊ, सुरुवात गोष्टीनं करू की प्रश्नानं?" मी म्हणायचो, "तुमची निवड." एकदा तरी रागावतील असं वाटलं होतं, पण त्या "हो, तेही आहेच" म्हणत परत वर. माधुरीची डाळ दोनदा करपली. मी ऑफिसात जाऊनही मनातल्या मनात त्यांचं भाषण करत असायचो.

प्रशिक्षणाच्या दिवशी त्यांनी स्कूटी काढली आणि पुन्हा जागेवर लावून टाकली. मीच गाडीतून नेलं आणि हॉलमध्ये मागे बसलो. बाईंनी पहिली स्लाइड लावली, अर्धी वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि एकदम मशीनच बंद केलं. मग त्यांनी पिशवीतून मळलेल्या कणकेचे गोळे काढले आणि प्रत्येकीपुढे एकेक ठेवत गेल्या. एक माझ्यापुढेही.

"मैडम, क्या बनाना है?" कोणीतरी विचारलं.

"आप तय कीजिए."

सगळ्या एकमेकींच्या गोळ्यांकडे बघायला लागल्या. मग कुजबुज, मग हसणं, मग हळूहळू बोटं चालू लागली. पुढच्या रांगेतल्या एका तरुण शिक्षिकेनं हत्ती केला. तो किटलीसारखा दिसत होता. "ठीक बना है ना, मैम?" तिनं विचारलं. बाई खाली वाकल्या. "मुझे दिख रहा है कि आपने सूँड पर बहुत देर लगाई." मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे काही मिळेना तेव्हा ती परत सोंडेकडे वळली आणि नंतर तिनं मान वर केली नाही. मोठमोठ्या बायका कणकेत बुडून गेल्या होत्या. मीही एक गाडी केली. कोणी बघितली नाही, याचं मला थोडं वाईटही वाटलं. शेवटी बाईंनी एवढंच विचारलं, की आत्ता मी शाबास म्हणाले नाही तेव्हा तुम्हाला काय झालं ते सांगा. मग बायका बोलायला लागल्या ते थांबेनात.

संपल्यावर सक्सेना मॅडम आल्या. बाई पदर सावरून उभ्या. सक्सेना मॅडमही याच पद्धतीत तयार झालेल्या. त्या म्हणाल्या, "नलिनीजी, मैंने देखा कि आपने स्लाइड बंद कर दी. मैंने देखा कि सब आखिर तक बैठे रहे. हम फोन करेंगे." आणि गेल्या.

गाडीत बाईंनी आधी काच खाली केली, मग वर केली.

"आखिर तक बैठे रहे म्हणाल्या. म्हणजे चांगलं, की जाता आलं नाही म्हणून बसले?"

"मला काय माहीत, बाई."

"आणि स्लाइड बंद केली, हे काहून सांगितलं? बंद करायला नको होती?"

"त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं."

"ते कळतंय हो मला," त्या चिडून म्हणाल्या. मग म्हणाल्या, "गाडी थांबवा जरा. बसवत नाहीये."

मी तलावाकाठी गाडी लावली. ऊन उतरलं होतं, फिरायला येणारी माणसं जमायला लागली होती. बाई कठड्यापाशी चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत होत्या.

"भाऊ, तुम्ही तर बघितलं. कसं झालं?"

मी त्यांना त्यांच्याच पद्धतीनं सांगायला गेलो. "मला असं दिसलं की—"

"ते नको," बाई म्हणाल्या. "चांगलं झालं का ते सांगा."

मी काही म्हणायच्या आतच त्या पाण्याकडे तोंड करून बोलू लागल्या.

"आमचे हे रोज म्हणायचे. खिचडी केली तरी म्हणायचे. 'मस्तच, नलू.' जोरात. त्या शाबासकीच्या ट्रेनिंगहून मी आले आणि यांना म्हटलं, असं म्हणत नका जाऊ, मला सवय लागते. बरं म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सुरू, 'मला असं दिसतंय की तू खिचडीत मटार घातले.' हसत म्हणायचे, पण पाळलं हो त्यांनी. मला वाटलं, दिवाळीला सांगू, पुरे झालं आता, पहिल्यासारखं म्हणा." त्यांनी कठड्यावर एक हात ठेवला. "दिवाळीच्या आधीच गेले. सांगायचं राहूनच गेलं."

आमची भिंत एकच. ते 'मस्तच, नलू' आम्हालाही ऐकू यायचं आणि माधुरी त्यावरून मला टोमणे मारायची. ते बंद झालं तेव्हा काकांचं बिनमिठाचं पथ्य चालू झालं असेल, असं आम्हाला वाटलं होतं. मला फार वाईट वाटलं.

"छान झालं, बाई," मी म्हणालो.

"उगाच म्हणता."

"उगाच नाही. खरंच छान झालं."

"मग जोरात म्हणा ना."

मी इकडेतिकडे बघितलं आणि ओरडून म्हणालो, "मस्तच झालं, बाई!" बाकावरचं एक जोडपं वळून बघायला लागलं. भुट्टेवाल्याचा पंखा थांबला.

"हां," बाई म्हणाल्या.

त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या, अजिबात न हलता. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आणखी एकदा म्हणा."