हुपरीची काडतुसं

माझ्या जिवाला धोका आहे, हे शासनाने लेखी मान्य केलेलं आहे. मूळ धोका माझ्या आजोबांना, केरबांना होता. बांधाच्या भांडणात भाऊबंद गणपतरावांनी कुऱ्हाड उगारली, म्हणून आजोबांनी रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला. पुढे गणपतराव वारले, आजोबा वारले, बांध रस्त्याच्या रुंदीकरणात गेला. धोका मात्र वारसाहक्काने आधी वडिलांकडे आणि मग माझ्याकडे आला. मी कोल्हापुरात विमा विकतो. मला लांबून पाहून लोकच रस्ता बदलतात, पण परवान्यावर भ्यायचं काम माझ्याकडे आहे.

ते रिव्हॉल्व्हर कमरेला लावून मी लग्नांना जातो. आपल्याकडे कमरेला रिव्हॉल्व्हर असलं की पहिल्या रांगेत खुर्ची मिळते आणि मठ्ठा वाढणारा दोनदा विचारतो. माझी अपेक्षा तेवढीच होती. गोळ्यांचा प्रश्न कधी आला नाही, कारण गोळ्या नव्हत्याच. होत्या त्या वडिलांनी वानरं हाकलण्यात संपवल्या होत्या.

मग आमच्या राजवीरचं लग्न ठरलं. मुलगी गडमुडशिंगीची, व्याही उदयसिंह, आणि त्यांच्याही कमरेला रिव्हॉल्व्हर. सुपारी फुटली त्या दिवशी भर बैठकीत ते म्हणाले, "व्याही, अक्षता पडल्या की बार काढायचा. एक तुमचा, एक माझा."

लग्नात बार काढणं कायद्याने बंद आहे, म्हणूनच त्याला मान आहे. मी "काढायचा की" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पोराच्या सासऱ्यापुढे एकदा मान खाली गेली की नातवंडं होईपर्यंत वर येत नाही.

दुसऱ्या दिवशी रुद्रय्यांच्या बंदुकीच्या दुकानात गेलो. त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि एखाद्या म्हाताऱ्याला खाटेवर ठेवावं तसं हळूच खाली ठेवलं.

"पावणं, हिची गोळी बंद होऊन माझा बाप म्हातारा झाला."

जवळच्या मापाची चालेल का, असं मी विचारलं.

"आत जाईल की. उडवल्यावर कुणीकडनं बाहेर यील, ते मातर मी सांगत न्हाय."

नव्या दारूचा जोर या जुन्या लोखंडाला सोसायचा नाही, हात जाईल, असं त्यांनी नीट समजावलं. मग नवं रिव्हॉल्व्हर घ्यावं म्हणून मी परवान्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी सांगितलं की नवं घ्यायचं तर आधी जुनं विकावं लागेल. विकायचं तर ते चालू असल्याचा दाखला लागेल. दाखल्यासाठी एक गोळी उडवून दाखवावी लागेल, आणि ती गोळी अर्जदाराने स्वतः आणावी. यातून गोळी उडवली तर हात जाईल, असं मी कळवळून सांगितलं. साहेबांचा चेहरा उजळला. परवान्याच्या नूतनीकरणाला जिवाच्या धोक्याचा ताजा पुरावा लागत होता, तो आता मिळाला होता. 'अर्जदाराच्या जिवास सदर रिव्हॉल्व्हरपासून धोका आहे' असं त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. आमच्या तीन पिढ्यांतला हा पहिला खरा अर्ज. तो तातडीने मंजूर झाला आणि त्या धोक्यापासून संरक्षणासाठी तेच रिव्हॉल्व्हर आणखी काही वर्षं जवळ बाळगण्याची मला परवानगी मिळाली.

"सरळ सांगा की, गोळ्या न्हाईत म्हणून," आमच्या सौभाग्यवती वर्षाराणी म्हणाल्या. हा उपाय मला अव्यवहार्य वाटला. त्यापेक्षा मी हुपरीला गेलो.

हुपरीत चांदीचं काय होत नाही? पैंजण करणाऱ्या ज्ञानूने सहा गोळ्या अशा सुबक घडवल्या की देव्हाऱ्यात ठेवाव्यात. आत घुंगरू बसवू का, चालताना वाजतील, असंही त्याने आपुलकीने विचारलं. मी क्षणभर विचार केला, हे मान्य करतो. अक्षता पडायच्या वेळी हात मुरगळला म्हणायचं, हे ठरवून मी घरी आलो.

लग्न तोंडावर आलं आणि निवडणूक जाहीर झाली. आचारसंहितेत परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. बार काढायचा प्रश्नच मिटला. निवडणूक लागल्याचा इतका आनंद एखाद्या उमेदवारालाही झाला नसेल.

पण ठाण्यात रांगेत उभा राहिलो तेव्हा कळलं की गोळ्याही टेबलावर काढून ठेवायच्या आहेत. आणि माझ्या मागे नेमके उदयसिंह उभे होते.

हवालदारांनी माझी गोळी उचलली, उजेडात धरली, नखाने खरवडली.

"ही चांदी हाय."

मागे बघायची हिंमत झाली नाही. "जुन्या रिव्हॉल्व्हरला हीच सोसते," मी म्हणालो.

उदयसिंहांची पाळी आली तेव्हा त्यांनी गोळ्यांचा पट्टा सोडला आणि डोळे मिटून टेबलावर पालथा केला. गोळ्या पडल्या, पण धातूचा आवाज आला नाही. कबनूरच्या यंत्रमागावरच्या, सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या कापून, घासून, वर सोनेरी रंग दिलेला होता. मागच्या रांगेतल्या पाचसहा वजनदार मंडळींना एकदम डेअरीला दूध घालायची आठवण झाली आणि ती निघून गेली.

हवालदारांनी टेबलावरच्या गोळ्यांवर वर्तमानपत्र टाकलं. मग हळू आवाजात म्हणाले, "कुणाला सांगू नगा. न्हाईतर लोकं भांडायला लागतील."

बाहेर आल्यावर उदयसिंह माझ्या गाडीवर मागे बसले. आचारसंहिता आडवी आली, न्हाईतर दाखवलं असतं, असं मांडवात दोघांनी म्हणायचं वाटेतच ठरलं. पुढे तसंच म्हणालो, आणि पहिल्या रांगेतल्या दोन्ही खुर्च्या शाबूत राहिल्या.

पण ते नंतरचं. त्या दिवशी चौक जवळ आला तसं मी कोपरातलं हेल्मेट डोक्यावर चढवलं. उदयसिंहांनी मागून त्यावर टिचकी मारून बघितली. "व्याही, पडला तर टिकंल का हे?"

"पोलिसापुरतं हाय," मी म्हणालो.

तुम्ही हसलात, हरकत नाही. तुमचं कोपरात आहे की डिकीत? आणि घेताना टिचकी मारून बघितली होती, की चौकातल्या हवालदाराला दिसलं म्हणजे झालं?