सहा तारांना मुंग्या

हेडक्लार्कला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गिटारची हौस आली, याबद्दल बायकोची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याने बाजारातून उचलून आणलेल्या जुन्या अँप्लिफायरबद्दल. गिटार त्याला जोडली आणि तारेला बोट टेकलं, की थेट कोपरापर्यंत मुंग्या. पहिले दोन दिवस क्लार्कमहाशयांना वाटलं, यालाच संगीताची झिंग म्हणत असावेत. तिसऱ्या दिवशी बायकोने चहा देताना त्याच्या दंडाला हात लावला. ती झिंग तिलाही आली आणि चहा ऑफिसच्या फायलीवर गेला.

"हे खोकं उद्या भंगारात," ती म्हणाली.

आता यात त्याचा जीव का अडकला होता तेही सांगायला हवं. शनिवारी मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ होता. बावीस वर्षं ऑफिसच्या प्रत्येक समारंभात या माणसाकडे एकच काम असायचं, खुर्च्या मांडायचं. साहेब आले, साहेब गेले, हा आपला खुर्च्या मांडतोय. या वेळी पहिल्यांदाच कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव 'गिटारवादन' या शब्दासमोर छापलं होतं. अँप्लिफायर गेला तर शनिवारी तो पुन्हा खुर्च्यांपाशी, हे उघड होतं.

म्हणून त्याने उपाय सुरू केले. आधी रबरी चपला घातल्या. मुंग्या मनगटापर्यंत उतरल्या. मग तो प्लास्टिकच्या स्टुलावर चढला, तर डोकं पंख्याच्या पात्यांपर्यंत जाऊ लागलं, म्हणून पंखा बंद. शेवटी त्याने भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले. मुंग्या थांबल्या खऱ्या, पण गिटारमधून कोणीतरी ओला फुगा चोळतंय असा आवाज यायला लागला. बंद पंख्याखाली, स्टुलावर, चपला आणि पिवळे हातमोजे घालून घामाघूम झालेला नवरा बघून बायको दारातच खाली बसली. हसून हसून तिच्या पोटात दुखायला लागलं. मग डोळे पुसून तिने वडिलांना फोन केला.

सासरे म्हणजे विजेच्या खात्यात चाळीस वर्षं काढलेले निवृत्त फोरमन. दोन्ही घरांतलं जे जे मोडेल ते त्यांच्याच हातून जोडलं जायचं, आणि त्यांची पद्धत ठरलेली. आधी काळी टेप, मग टेपवर पांढरा शिवणाचा दोरा, सात वेढे, दोन गाठी. टेप उन्हाळ्यात सुटते, दोरा सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. इस्त्रीची मूठ, छत्रीचा दांडा, टीव्हीचा रिमोट, त्यांच्या स्वतःच्या चष्म्याची काडी, सगळीकडे तो दोरा होता.

सासरे आले, खिशातून टेस्टर काढला आणि गिटारच्या तारेला टेकवला. टेस्टर लख्ख पेटला. त्याबरोबर सासरेही पेटले.

त्यांनी जावयाला खाली बसवून समजावलं की यंत्रात वीज भरकटली तर तिला जमिनीत नेऊन सोडायला एक हिरवी वायर असते, तिला अर्थिंग म्हणतात, आणि इथे ती कोणीतरी तोडलेली आहे. स्पीकरमधून घूं असा आवाज येतो म्हणून आळशी लोक ही वायरच कापतात. घूं जाते, आणि एखाद दिवशी वाजवणाराही जातो.

"ज्याने हे केलं ना जावईबापू, त्याला चारचौघांत हात जोडून माफी मागायला लावली पाहिजे," ते म्हणाले. "आणि हा डबा भंगारात. असल्या माणसाच्या हातच्या कशावर मी विश्वास ठेवणार नाही."

क्लार्कच्या डोळ्यांसमोर दोनशे खुर्च्या उभ्या राहिल्या. पुरावा दाखवतो म्हणून सासऱ्यांनी प्लग काढून मागची फळी उघडली. आत खरंच कापलेली हिरवी वायर होती. टोक नीट दुमडलेलं, त्यावर काळी टेप, आणि टेपवर पांढरा दोरा. सात वेढे, दोन गाठी.

बायकोने इस्त्रीकडे पाहिलं, मग वडिलांच्या चष्म्याकडे.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "दोरा मात्र सुटला नाही हं."

सासऱ्यांनी पाणी मागितलं. मग आठवलं. पुष्कळ वर्षांपूर्वी रविवारी खासगी कामं घेत असताना एक वाजवणारा घाईघाईत आला होता. कार्यक्रम तासाभरावर, कसंही करून घूं थांबवा म्हणाला.

"थांबली होती पण," सासरे म्हणाले. "अगदी छान थांबली होती."

भंगाराचा विषय पुन्हा निघाला नाही. दोन दिवस खपून त्यांनी हिरवी वायर जोडली, वीज झिरपवणारा जुना भाग बदलला, आणि टेस्टर काही पेटेना. घूं मात्र परत आली. चारचौघांतल्या माफीचं काय, असं लेकीने विचारलं, तेव्हा माफीऐवजी दुसरं काहीही सांग म्हणाले.

शनिवारी हेडक्लार्क उघड्या बोटांनी वाजवत होता. गाणं बरं झालं, घूं त्याहून बरी ऐकू आली, आणि कोणालाही मुंग्या आल्या नाहीत. खुर्च्या सासऱ्यांनी मांडल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या दोनशे. मोठ्या साहेबांच्या खुर्चीचा हात जरा हलत होता, म्हणून त्यावर टेप लावली, आणि इकडेतिकडे बघून टेपवर दोरा.