चौविहारातले दात

प्राचीचे पुढचे दात जरासे पुढे होते. सांगलीचं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या आईने पोहे खाताखाताच सांगून टाकलं, "पोरगी पसंत हाय. तेवढं दात सरळ करून घ्या, मग बघू."

प्राचीच्या दातांवर तारा बसल्या आणि राजमतीबाईंनी लेकीच्या वतीने व्रत धरलं : लग्न ठरेपर्यंत चौविहार. सूर्य मावळला की अन्न बंद, पाणीही बंद.

प्राची बँकेतून धावत यायची, मावळतीकडे बघत शिरा कोंबायची, घोटभर पाणी प्यायची आणि तोंड मिटायची. तारांत अडकलेला शिरा सकाळपर्यंत तिथेच मुक्कामाला.

"आई, डॉक्टर म्हणत्यात, रात्री ब्रश कर."

"आणि पाणी पोटात गेलं म्हंजे?"

"थुंकते की मी."

"थेंबाला तसं सांगून ठेवलंयस व्हय? लग्न ठरू दे, मग घास किती घासायचं ते."

वडील श्रेणिकराव निवृत्त ग्रंथपाल. जेवण जरा लवकर उरकून उजेडातच ब्रश केला तर, असं त्यांना पहिल्याच दिवशी सुचलं होतं. पण इतकी सोपी गोष्ट आपल्याला सुचते म्हणजे तीत काहीतरी खोट असणार, म्हणून ते पोथ्या धुंडाळत बसले. पोथ्यांत ब्रशचा उल्लेख नव्हता. त्यांनी पोथ्यांबरोबर ती सूचनाही फडक्यात बांधून ठेवली.

यथावकाश तारा निघाल्या. दात कवायतीला उभे राहिल्यासारखे ओळीत आले होते. मात्र प्रत्येकावर, तारेचा तुकडा चिकटवला होता त्याच्याभोवती, तपकिरी चौकट होती आणि दोन तर किडून पोकळ झाले होते.

"अहो, दिवस असतानाच ब्रश करायचा ना," व्रताचं कळल्यावर डॉक्टर उन्मेष म्हणाले. "चौविहार करणारे माझे बाकीचे पेशंट तसंच करतात."

श्रेणिकराव स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

सांगलीकर पुन्हा आले. प्राची ओठ घट्ट मिटून बसली.

"दाखव की दात," मुलाची आई म्हणाली.

दाखवले. मुलाच्या आईने हातातली बशी खाली ठेवली.

"चौविहारानं झालंय हो," राजमतीबाई रडवेल्या झाल्या. "पोरीनं रात्री कधी चूळसुदीक भरली न्हाय."

विहीणबाईंचा चेहरा उजळला. "मग हे आधी सांगायचं न्हाय व्हय? असं वळण असल्यावर वाकडे असते तरी चाललं असतं की. आमच्यात बारा म्हैने चौविहार असतोय. पक्कं समजा."

प्राचीने वडिलांकडे पाहिलं. श्रेणिकरावांनी घसा साफ केला. तेवढ्यात राजमतीबाईंनी त्यांच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

"खावा बिगीनं, दिवस मावळाय लागलाय."

ते चावत राहिले. पेढा संपला तोवर सुपारी फुटली होती.