साळवेकाकांचं माप

साळवेकाका रस्त्याने मान वर करून चालतात. निजामपुऱ्याच्या गल्लीत रिक्षा, हातगाडी आणि कापडाचे तागे लादलेला टेम्पो एकदम अंगावर येतात, तिथेही यांची नजर छपरांवर. आजवर दोन रिक्षा आणि एक बकरी त्यांना धडकली आहे. चूक बकरीची होती, असं ते अजून सांगतात.

काका माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. मूळचे जवळच्या दिघाशी गावचे. सरकारी कचेरीत जन्मभर नकाशे काढले, निवृत्त झाले. काकी गेल्या, मुलगा पुण्यात. सगळं बोलणं मापात. "काका, थोडी साखर द्याल?" म्हटलं की विचारतात, "थोडी म्हणजे नेमकी किती?"

त्यांचा जीव बशीरभाईंच्या घरात अडकलाय. गल्लीच्या टोकाचं दोन मजली सागवानी घर. कोरीव टेकूंवर पेललेला सज्जा, रंगीत काचांची तावदानं, छपराखाली गरम हवा बाहेर जायला लाकडी जाळी. शेजारी कापड विणणारे लूम सुरू झाले की अख्खं घर थरथरतं, पण सांधा हलत नाही.

"एक खिळा दाखव, सुजाता," काका मला म्हणाले होते. "लाकडात लाकूड बसवलंय. थरथर पिऊन टाकतं."

असं घर कागदावर उतरलंच पाहिजे, म्हणून दर शुक्रवारी मोजणी. शुक्रवारी लूम बंद असतात, टेप हलत नाही. मी कापडाच्या ऑफिसात कामाला, मलाही सुट्टी शुक्रवारचीच. त्यामुळे टेपचं दुसरं टोक माझ्याकडे.

बशीरभाई विधुर, कधीकाळचे लूममालक. जिन्याच्या पायऱ्या मोजताना बघून ते म्हणाले, "माझ्या आजानं घर बांधलं, त्यानं पण इतकं मोजलं न्हवतं."

"म्हणूनच तिसरी पायरी आठ मिलिमीटरनं उंच आहे," काका शांतपणे म्हणाले.

यावर दोघं पंधरा मिनिटं भांडले. मग बशीरभाईंनी स्वतः केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकं मटण वाढलं. हे दर शुक्रवारी.

मागच्या महिन्यात बशीरभाईंचा पुतण्या एका बिल्डरला घेऊन आला. "चाचा, सात मजले होतील. तुम्हाला वरचा फ्लॅट, लिफ्ट. सोचो जरा."

बशीरभाई म्हणाले, "साळवेसाहेबांचं माप चालू हाय. ते झालं की बघू."

"ते कधी होणार?"

"त्यांना विचार."

काका सज्ज्यातून खाली न बघताच म्हणाले, "घाई केली की चूक होते."

पुतण्या कपाळाला आठ्या घालून गेला. मला काळजी वाटली. माप संपेपर्यंतच घर उभं राहणार, तर किती उरलंय ते तरी बघावं, म्हणून ओट्यावर ठेवलेली काकांची वही मी उघडली. अर्ध्या वहीत सगळं घर संपलं होतं. खांब, तुळया, जिना, छप्पर, कोनाडेसुद्धा. पुढच्या पानांवर पश्चिमेची खिडकी. पुन्हा तीच. एकूण अकरा वेळा. टेप धरताना मला वाटायचं, काका आकडा पडताळून बघतायत.

मी स्वयंपाकघरात गेले. बशीरभाई भाकरी थापत होते.

"भाई, माप तर केव्हाच झालंय."

"माला म्हायीत हाय." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "ईदच्या आधीच झालं. मी वही बघितली."

"मग बोलला नाहीत?"

"बोलून काय करू? शुक्रवारी तो कुठं जाईल?" त्यांनी भाकरी उलटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आन् मी इतक्या भाकऱ्या कुणासाठी करू? तू त्याला काय सांगू नको."

एवढ्यात वरून हाक आली, "सुजाता, टेप."

मी वही घेऊन वर गेले. काका पश्चिमेच्या खिडकीशी चष्मा पुसत उभे होते. मी टेपचं टोक चौकटीला टेकवलं.

"किती?"

"नऊशे चौदा."

"मागच्या वेळी?"

"नऊशे चौदाच होतं, काका."

त्यांनी माझ्याकडून वही घेतली. मग पेन्सिलीने आकडा सावकाश लिहिला, त्याखाली रेघ मारली.

"लाकूड आहे," ते म्हणाले. "पावसाळ्यात फुगतं. पुढच्या शुक्रवारी परत बघावं लागेल."

"हो काका," मी म्हटलं. "बघावंच लागेल."