‘चर्मण्वती’ जहाजाची निष्कलंक कारकीर्द

ज्या राज्याला समुद्र नसतो, त्या राज्याचे आरमारावरील प्रेम अत्यंत निर्मळ असते. त्यात खारटपणाचा अंशही नसतो. म्हणून सन १९४२ मध्ये लष्करच्या (हे ग्वाल्हेरातील आमच्या शहराचे नाव, सैन्याशी घोटाळा करू नये) युद्धसाह्य समितीने आरमाराला एक जहाज भेट दिले, तेव्हा कोणालाच नवल वाटले नाही. शंभरातल्या नव्वद नागरिकांनी समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता, आणि त्यात शेषशायी विष्णू पहुडलेले असल्याने तो सुरक्षित समजला जाई.

जहाज मुंबईला होते. मूळचे मासळी धरणारे. युद्धामुळे त्याला शत्रूने पाण्यात पेरलेले सुरुंग काढण्याच्या कामावर बढती मिळाली होती. मासळीची बाब समितीतल्या शास्त्रीमंडळींना खटकली. तेव्हा रेल्वेने गंगाजल पाठवून शुद्धी झाली, ‘चर्मण्वती’ असे नाव ठेवले गेले (नुसते ‘चंबळ’ म्हटले की लोकांना डाकू आठवतात), आणि जहाजावर राज्याचा एक मानकरी असावा असे ठरले. निवड विश्वासरावांची झाली. पात्रता : त्यांच्या पणजोबांनी नर्मदा नावेतून ओलांडली होती.

“अहो, पण तुम्हाला तैरता तरी येतं का?” त्यांच्या पत्नी सुलोचनाबाईंनी विचारले.

“समितीत कोणी पूछलं नाही.”

“मग मी सांगते, नाही येत. जाऊ नका.”

पण तोवर दौलतगंजातून मिरवणूक निघाली होती आणि टोपी बाजाराने फेटा बांधला होता. एवढ्या लांब फेट्यानंतर माणसाला माघार घेता येत नाही.

सुरुंगजहाजाची कार्यपद्धती सर्व खात्यांनी घ्यावी इतकी आदर्श आहे. पाण्यातून पोलादी दोर ओढत न्यायचा. त्याने सुरुंगाची साखळी तुटते. सुरुंग वर येतो. मग दूर राहून त्याला गोळी घालायची. काम जितके चोख, तितके काहीच घडत नाही. विश्वासरावांनी पहिले काही आठवडे फक्त ओकाऱ्या काढल्या. (मानकऱ्याकडून याहून अधिक अपेक्षित नव्हते.)

एके सकाळी सुरुंग वर आला आणि लाटांवर नाचत जहाजांच्या वाटेकडे सरकू लागला. मागून फौजेची आगबोट येत होती. बंदूकधाऱ्यांचे नेम चुकत राहिले. विश्वासराव कठड्यावरून उठले. शिवपुरीच्या जंगलात त्यांचा नेम नावाजलेला होता.

“मला द्या,” ते म्हणाले.

कप्तानाने त्यांच्या हिरव्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि दुसरा उपाय नसल्याने बंदूक दिली. पहिली गोळी चुकली. दुसरीही. तिसरीच्या वेळी त्यांनी श्वास रोखला. पाण्याचा खांब आभाळाला भिडला, जहाज आडवे होता होता सावरले, आणि विश्वासराव डेकवर बसून लहान मुलासारखे रडले.

थोड्याच वेळात आगबोट जवळून गेली. तिच्यावर आमच्याच भागातले शिपाई होते. एकाने ओरडून सांगितले, “अबे, हटा ये डोंगी! रास्ता रोक के खड़ा है!”

ती ओळखीची बोली ऐकून विश्वासराव दर्यावर प्रथमच हसले, आणि त्यांनी सलाम ठोकला.

युद्ध संपल्यावर नई सडकेवर सत्कार झाला. समितीचे अध्यक्ष मल्हारराव यांनी जाहीर विचारणा केली, “शत्रूची किती जहाजं बुडवलीत?”

“एकही नाही.”

“आपलं बुडलं?”

“तेही नाही.”

“मग इतके दिवस केलंत तरी काय?”

“काही होऊ दिलं नाही,” ते म्हणाले.

टाळ्या झाल्या नाहीत. त्यांना नारळ मिळाला. त्याच संध्याकाळी आरमारात गेलेले आमचे दुसरे वीर दौलतसिंह यांना हत्तीवरून मिरवण्यात आले. त्यांची लाँच स्वतःच्याच बंदरातल्या धक्क्यावर आपटून बुडाली होती. विश्वासराव घरी आले तेव्हा सुलोचनाबाई दारातच होत्या. त्यांची बाही धरून त्या उंबऱ्यातच बराच वेळ उभ्या राहिल्या.

‘चर्मण्वती’ पुन्हा मासळी धरू लागली आणि म्हातारी होऊन भंगारात गेली. ती कधीच बुडाली नाही. वाचकहो, तुमचा चेहरा थोडा उतरलेला दिसतो. जहाज कुठे बुडते याची तुम्ही मघापासून वाट पाहत होता. संकोच करू नका. समितीत अजून जागा आहेत.