पाण्याची चौकशी

"बघाच तुम्ही बाई, उद्या मी एकही उत्तर सांगणार नाही. मुलंच प्रश्न विचारतील, मुलंच उत्तर शोधतील!" दुसरीच्या मेघना टीचरने मुख्याध्यापिका शालनबाईंना छातीठोकपणे सांगितलं. ठाण्याला प्रशिक्षण घेऊन आल्यापासून तिच्या अंगात उत्साह नुसता सळसळत होता. शिवाय शालनबाई उद्या मागे बसून तिचा तास बघणार होत्या, आणि तो आवडला तर तिला नोकरीत कायम करायची शिफारस करणार होत्या.

विषय होता पाणी. प्रशिक्षणातले जड शब्द पालकांना कशाला, म्हणून मेघनाने डोकं लढवून सोपा मराठी शब्द काढला आणि पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "उद्या वर्गात पाण्याची चौकशी आहे. घरी पाणी कुठून येतं, कसं येतं, हे मुलं आज विचारतील. खरी माहिती द्यावी." पुढे एक हसरा चेहरा.

त्या हसऱ्या चेहऱ्याने कोपर गावातल्या अर्ध्या पालकांची झोप उडवली!

सकाळी वर्गाच्या दारात ही गर्दी! कुणी पाण्याची बिलं घेऊन आलेलं, कुणी थेट सोसायटीच्या सेक्रेटरीलाच घेऊन. मेघनाला वाटलं, काय हा पालकांचा सहभाग! तेवढ्यात समृद्धीचे आजोबा, तिथले जुने जमीनमालक दगडूशेठ, खांद्यावर गोणी टाकून आत शिरले. गोणीतून त्यांनी एक ओला, गंजका पंप काढून टेबलावर आदळला.

"बाय, मोटार काडून आनली बग. आता आपलं नाव वर नको कलवू!"

"वर म्हणजे कुठे?" मेघना पार गोंधळली. मग तिला प्रशिक्षण आठवलं. "मुलांनो, आजोबांना काही विचारायचंय?"

हर्षित उठला. "आजोबा, ही कुठे लावलेली?"

"पायपाला, रं."

"मग काय होतं?"

"पानी जोरात येतं."

"आणि पुढच्या घरी?"

आजोबा गोणीची घडी घालायला लागले. हर्षितने डोकं खाजवलं. "म्हणून आमचा नळ नुसता सूं सूं करतो!"

मुलाने स्वतः उत्तर शोधलं! मेघनाचे डोळे भरून आले. पण हर्षितचे पप्पा बाह्या सरसावून पुढे झाले, सेक्रेटरी ओरडायला लागले, आणि मागच्या बाकावरून शालनबाई ताडकन उठून बाहेर गेल्या. व्हरांड्यातून त्यांचा मोबाईलवरचा आवाज आला. "अहो, मोटार काढा! आत्ताच्या आत्ता काढा, मी सांगते ना!"

मेघनाला वाटलं, बाई गाडी काढून तक्रार करायला थेट संस्थेच्या ऑफिसात निघाल्या! गेली नोकरी!

शाळा सुटल्यावर केबिनमध्ये बोलावणं आलं. मेघना रडवेली होऊन गेली, तर शालनबाई चक्क हसल्या. "छान झाला तास. शिफारस लिहिलीय, सही तेवढी राहिलीय." पेन उचलून त्यांनी हळूच विचारलं, "फक्त ही चौकशी... आज संपली ना?"

"छे हो, बाई!" मेघना हरखून म्हणाली. "सोमवारी विजेची आहे! मुलांना घेऊन तुमच्याकडे मीटर बघायला येऊ का?"

पेन होतं तिथेच थांबलं. "सहीचं मग सोमवारनंतर पाहू," असं म्हणत शालनबाई घाईघाईने मोबाईल शोधायला लागल्या.

आपलं नेमकं काय चुकलं, याची चौकशी मेघना अजून करते आहे.