मरियाबाईचे कान

आमचे दावीदभाऊजी देवळात शिरले की आधी पंखे बंद करतात, मग गुडघे टेकतात. "वारं लागंल" हे त्यांचं आवडतं वाक्य. फादर प्रवचनाला उभे राहिले की त्यांच्या टकलाकडं बघून म्हणतात, "वारं लागंल." बाप्तिस्म्याच्या पाण्यात बोट घालून बघतात आणि म्हणतात, "गार हाय, वारं लागंल." एकदा तर मयताच्या पेटीचं झाकण जरा तिरकं राहिलेलं दिसलं, तर हे पुढं होऊन नीट बसवून आले. काय पुटपुटले ते सांगायला नको.

दावीदभाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे मावसभाऊ. मूळचे पाचोडचे. शहरातल्या गुलमंडीत एका बोळात ब्लाउज शिवायचं त्यांचं दुकान होतं. लग्न केलं नाही. आणि या ब्रह्मचारी माणसाला उभ्या जगात जिव्हाळा एकाच विषयाचा: बाळंतीण.

हे मला कळलं ते लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात. मी पुण्याची. चार इंग्रजी कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, ऑर्गनवर वाजवता यायची आणि केस कानापर्यंत कापलेले. एवढ्या भांडवलावर, मराठवाड्याला संगीत शिकवायला देवानं आपल्याला धाडलंय, अशी माझी समजूत होती. देवळातल्या गव्हाणीची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची, सजावट माझ्याकडं आली. मी गोठ्याच्या छपरावर कापूस पसरला, लांब उभी राहिले आणि स्वतःवरच खूश झाले.

भाऊजी येऊन बराच वेळ बघत राहिले. "वहिनी, कापूस वाळत घातला व्हय?"

"बर्फ आहे तो, भाऊजी."

"बरफ? आमच्याकडं बरफ गोळ्याच्या गाडीवर असतो. छपरावर नाय."

दुसऱ्या दिवशी छप्पर मोकळं! आणि बाळ येशूच्या अंगाखाली लाल कापडाची, टाके घातलेली इवलीशी गादी. माझा सगळा बर्फ तिच्यात.

मग त्यांचं लक्ष मरियेकडं गेलं. आमच्याकडची मूर्ती सगळीकडं असते तशीच, गुडघ्यावर बसून हात जोडलेली. भाऊजी खवळले. "रातच्याला बाळंत झालेली बाई गुडघ्यावर? कुणी बसवली? टेका मागं!" ते तिला मरियाबाई म्हणत. त्यांनी तिच्या पाठीशी लोड दिला, पायांवर गोधडी घातली, बाजूला मातीची शेगडी ठेवली आणि पांढऱ्या मलमलीची पट्टी काढून तिचे कान घट्ट बांधले. त्याआधी डोक्यामागचं पितळी तेजोवलय काढून खिशात घातलं, कारण गाठ बसेना.

मी किंचाळले, "अहो, तेज काढलंत!"

"तेज काय, सव्वा म्हयन्यानं बी येतं. आधी कान."

बाळाला भेटी घेऊन आलेल्या पूर्वेकडच्या तीन राजांनाही त्यांनी सोडलं नाही. "ऊद आणला ते बरं केलं, धुरीला व्हईल. पर सोन्याचं काय करायचं बाळंतिणीला? अळीव आणायचा!"

मी यजमानांकडं रडले. पुण्यात कळलं तर काय म्हणतील लोक! पुण्यातल्या लोकांना तेवढाच उद्योग होता जणू. पण नाताळात दिवे बघायला शहरातल्या बायका येत, त्यांना ना ख्रिस्ताची गोष्ट ठाऊक ना मरियेची. माझ्या बर्फापुढून त्या गुपचूप निघून गेल्या असत्या. या गव्हाणीपुढं मात्र पदर सावरून वाकायच्या आणि विचारायच्या, "पोरगा झाला व्हय? आयची तब्येत बरी हाय ना?" तेव्हा मला ते हास्यास्पद वाटलं होतं. आता वाटतं, मरियेची इतक्या आपुलकीनं चौकशी आम्हीही कधी केली नव्हती.

आणि गाणं! उपासना संपली की भाऊजी गव्हाणीपाशी दोरीचा पाळणा बांधत आणि स्वतः रचलेला पाळणा म्हणत. बायका रांगेनं दोरी ओढत. मी ऑर्गनवर साथीला. त्यांचा सूर आधीच्या ओळीत एकीकडं, पुढच्या ओळीत भलतीकडं. मी मागं धावत असे. शेवटचं कडवं असं होतं:

निजलं बाळ, निजलं गाव,
आता आई, तूबी नीज गं,
जागा हाय मी.

मी ज्ञान पाजळलं, "भाऊजी, पाळणा बाळासाठी असतो. आईला कोण झोपवतं?"

"तेच तर," ते म्हणाले आणि दोरी गुंडाळायला लागले.

पुढच्याच वर्षी मी बाळंत झाले. माझी आई त्याच उन्हाळ्यात गेलेली. भाऊजी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी यायचे. खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. उंबऱ्याबाहेरून ओरडायचे, "वहिनी, कान बांधले का?" आणि त्यांच्या आत्यानं केलेले डिंकाचे लाडू, बाळंतशेपा ठेवून जायचे. ते गेले की मी पट्टी काढून टाकायची, केसांची ठेवण बिघडते म्हणून. लाडू मात्र एकही सोडला नाही. त्या लाडवांवर मी आज नातवंडांमागं धावते, आणि माझे कान किती तीक्ष्ण आहेत ते माझ्या सुनेला विचारा.

तेव्हापासून दर नाताळात मरियेचे कान बांधले जात. यंदा मात्र घोटाळा झाला. गेल्या वर्षी कुणीतरी कान बांधलेल्या मरियेचा फोटो मोबाइलवर फिरवला, खाली हसून लोळणारी तोंडं. तरुण मंडळाला लाज वाटली. त्यांनी फायबरची नवी मूर्ती आणली आणि ठरवलं, यंदा पट्टी नाही, शेगडी नाही, पाळणाही नाही. स्पीकरवर कॅरल लावायची. भाऊजींना सांगितलं तर ते "बरं" म्हणाले आणि पुढच्या रविवारी देवळात आलेच नाहीत. मागल्या रांगेतले पंखे गरगर फिरत होते.

मी त्यांच्या खोलीवर गेले. "रुसलात व्हय?"

ते मशीनवर बसून मलमलीची पट्टी दुमडत होते. नवीच शिवलेली.

"नाय वो वहिनी. पोरांचं बी खरं हाय." मग पट्टीकडं बघतच म्हणाले, "मी झालो तवा असेच दिस व्हते, थंडीचे. घरात जागा नाय म्हणून आयची बाज गोठ्यात टाकली. बाराव्याच्या आतच गेली. आत्या जल्मभर म्हणायची, कान कुणी बांधले नाय. आता कळतं, तसलं काय नसतंय. ताप व्हता कसला तरी. पर…" त्यांनी दोरा दातानं तोडला. "च्या घेता?"

चहा घेतला आणि तिथून मी थेट फादरांकडं. आमचे फादर तरुण आहेत, जालन्याकडच्या खेड्यातले. मी म्हटलं, "फादर, तुमच्या वेळी तुमच्या आईचे कान बांधले होते का?"

ते हसले. "मला काय माहीत, आजी?"

"मग विचारा की."

त्यांनी खरंच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून खणखणीत आवाज आला, "बांधले व्हते की! शेक-शेगडी, समदं. का रं? तुला सर्दी झाली का?"

तरुण मंडळ तिथंच होतं. हसू आवरेना पोरांना. पण हे हसणं फोटोखालच्यासारखं नव्हतं. त्यांतलाच एक जण भाऊजींना स्कूटरवर घेऊन आला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी भाऊजींनी नव्या मूर्तीचं तेजोवलय काढलं आणि नेहमीसारखं खिशात घातलं. पट्टी तिच्या कानांवर गुंडाळली. गाठ मारायला मी बोट धरलं. मग त्यांनी पाळणा सुरू केला. शेवटचं कडवं आलं. "निजलं बाळ" एवढं म्हणून ते थांबले.

मी ऑर्गनवर तोच सूर धरून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं, पण रांगेतल्या बायका पुढं म्हणू लागल्या, मग पोरं, मग फादर. सगळं देऊळ त्या आईला नीज म्हणत होतं. भाऊजी पाळण्याची दोरी ओढत राहिले.

बाहेर आलो तर बोचरा गारठा. पट्टीचं उरलेलं मलमल माझ्या पिशवीत होतं. मी भाऊजींना पायरीवर थांबवलं, टाचा उंचावल्या आणि त्यांचे दोन्ही कान बांधले.

"हे काय वहिनी, लोक हसतेल."

"हसू द्या," मी म्हटलं. "वारं लागंल."